चोवीस हजार, सातशे, पाच

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या गाडीत अर्ध्याहून थोडी वाट सरली की पापनाशम लागतं. कमल हासनचा ‘पापनाशम’ (आपल्याकडे ‘दृश्यम’ या नावाने ठाऊक असलेल्या कथेचा २०१५चा तमिळ अवतार) या गावात घडत नाही. ते पापनाशम दूर तिरुनेलवेलीकडचं, धबधब्याचं. हे कावेरीच्या खोऱ्यातलं, भाताच्या शेतांमधलं. इथे एका देवळात १०८ शिवलिंगं आहेत आणि जवळच्या तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात विटांचं एक भलंमोठं धान्यकोठार उभं आहे. सतराव्या शतकात तंजावरच्या नायक राजांनी ते बांधलं. त्यात तीन हजार कलम भात मावतं असं सांगतात. कलम हे तिथलं धान्याचं जुनं माप.

नायकांच्या दरबारात गोविंद दीक्षितर नावाचे मंत्री होते. त्यांचा मुलगा वेंकटमखी. १६५०च्या सुमाराला त्याने ‘चतुर्दण्डीप्रकाशिका’ लिहिली आणि रागांचं कोठार मोजून दाखवलं. षड्ज आणि पंचम अचल. मध्यम दोन. ऋषभ-गंधाराच्या जोड्या सहा, धैवत-निषादाच्याही सहा. सहा गुणिले सहा गुणिले दोन, बहात्तर. यापेक्षा एकही मेळ जास्त होणार नाही आणि एकही कमी नाही. त्यातले कितीतरी मेळ तेव्हा कोणी गातही नव्हतं, पण याने त्यांच्या जागा आखून ठेवल्या. सन १९०४मध्ये भातखंडे दक्षिणेत फिरले तेव्हा त्यांना हीच मांडणी भेटली, आणि आपल्या दहा थाटांमागे ती उभी आहे.

बहात्तर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण एका मेळातून किती राग निघू शकतात? आपल्याकडे संगीताच्या परीक्षांना बसलेल्या कुणालाही ४८४ हा आकडा घोकून पाठ असतो. षड्ज सोडायचा नाही. उरलेल्या सहा स्वरांतून एकही गाळला नाही तर एक प्रकार, एक गाळला तर सहा, दोन गाळले तर पंधरा, मिळून बावीस. आरोहाचे बावीस, अवरोहाचे बावीस, गुणाकार ४८४. आता त्याला ७२ने गुणा: ३४,८४८. त्यात काही रूपं दोन-दोन मेळांत पुन्हा येतात हे मान्य, पण वक्र चालीचे राग यात धरलेलेच नाहीत. रोज एक राग शिकायचं ठरवलं तरी ९५ वर्षं लागतील. एवढं मोठं कोठार, आणि मैफलीत आपण ऐकतो ते त्यातले ओंजळभर दाणे.

याच पापनाशमचं नाव लावून एक माणूस दक्षिणेत अजरामर झाला. गंमत अशी की तो इथे जन्मलाच नव्हता. रामय्या हे त्याचं नाव, पोलगम हे नागपट्टणमजवळचं जन्मगाव, वर्ष १८९०. सात वर्षांचा असताना वडील गेले आणि आईबरोबर तो तिरुवनंतपुरमला गेला. पुढे भाऊ पापनाशमला राहत होता म्हणून हाही तिथे येऊन-जाऊन असे. अंगभर भस्माचे पट्टे आणि सदा भजनात दंग. लोकांनी त्याला शिवन म्हणायला सुरुवात केली, गावाचं नाव पुढे चिकटलं आणि झाला पापनाशम शिवन. आपल्या रचनांत तो ‘रामदासन्’ अशी मुद्रा घालायचा. तंजावरात समर्थांच्या शिष्यांचे मठ होते हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाचे कान इथे टवकारतील.

कर्नाटक संगीताचे रसिक त्यांना ‘तमिळ त्यागराज’ म्हणतात. आणि हेच शिवन १९३०-४०च्या दशकांत तमिळ सिनेमातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांचे कर्ते होते. आजच्या भाषेत पॉप संगीतकार. सिनेमाच्या गाण्यांचा कर्ता त्यागराजांच्या पंक्तीला बसू शकतो का, हा चेन्नईत दर मार्गळी महिन्याला, म्हणजे डिसेंबरच्या मैफलींच्या दिवसांत, कॉफीबरोबर उकळणारा वाद आहे. तो सिनेसंगीतकार इलैयाराजांवरून झडतो. पण त्याचा एक निकाल आधीच लागून गेलाय, आणि त्यावर पापनाशमचं नाव आहे.

सुरुवात आकड्यांनी करू, कारण भांडणारे तीच करतात.

त्यागराज, १७६७ ते १८४७. ७९ वर्षांचं आयुष्य, आणि त्यातला जवळजवळ सगळा काळ तंजावरच्या गादीवर भोसले होते. तमिळ मुलखात मराठी राजाच्या राज्यात बसून या माणसाने तेलुगूत गाणी रचली. आपल्या भाषावार प्रांतरचनेला हे पचायला जड जातं. परंपरा सांगते की त्यांनी २४,००० कृती रचल्या. विसाव्या वर्षापासून अखेरपर्यंत साठ वर्षं धरली तर दिवस होतात २१,९००. म्हणजे रोज एक, आणि दर दहा दिवसांनी एक वरकड. आज हातात आहेत त्या सुमारे सातशे.

मग बाकीच्या तेवीस हजार तीनशे कुठे गेल्या? माझं मत असं की बहुतेक कुठेच गेल्या नाहीत, कारण त्या नव्हत्याच. वाल्मीकी रामायणाचे श्लोक २४,००० मानतात. त्यागराज वाल्मीकींचा अवतार मानले गेले, तेव्हा आकडाही अवताराबरोबर आला. ती मोजदाद नाही, तो नमस्कार आहे.

असे नमस्कार आपण सगळीकडे घातलेत. पुरंदरदासांच्या नावावर ४,७५,००० रचना सांगतात. त्यांचं आयुष्य ऐंशी वर्षांचं मानलं आणि पाळण्यातल्या पहिल्या दिवसापासून त्यांना कामाला लावलं, तरी रोज सोळा पडतात. अन्नमाचार्यांच्या ३२,००० सांगतात. पण तिथे निदान बारा हजारांवर रचना तिरुमलैच्या देवळात तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या सापडल्या, म्हणजे नमस्काराखाली बरीच पक्की जमीन आहे. आणि आपण मराठी लोक या बाबतीत कुणाला हार जाणारे नव्हे. नामदेवरायांचा संकल्प शतकोटी अभंगांचा! शंभर कोटी. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात दिवसाला चौतीस हजार, मिनिटाला सुमारे चोवीस, झोप-जेवण-वारी काहीही न धरता. उरलेला भाग तुकोबांनी पुरा करावा म्हणून नामदेव पांडुरंगासह त्यांच्या स्वप्नात आले, अशी कथा आहे. तुकोबांच्या गाथेत सापडतात सुमारे साडेचार हजार. संकल्पाचं खातं अजून उघडंच आहे म्हणायचं.

ही केवळ जुन्या भाविकांची खोड आहे असं समजू नका. गिनेस बुकाने १९७४मध्ये लता मंगेशकरांच्या नावावर १९४८पासूनची निदान २५,००० गाणी लावली. सव्वीस वर्षं, म्हणजे रोज अडीचहून जास्त ध्वनिमुद्रणं, रविवार न सोडता. मोहम्मद रफींनी त्याला हरकत घेतली, वाद पेटला, आणि पुढे गिनेसने ती नोंदच काढून टाकली. २०११मध्ये आशा भोसलेंचं नाव आलं ते अकरा हजारांपर्यंतच्या आकड्याने. त्यागराजांना चोवीस हजार, लताबाईंना पंचवीस हजार. आपलं प्रेम चोवीस-पंचवीस हजारांखाली उतरायला तयार नसतं असं दिसतं.

शिवन यांच्या नावावर २,४०० गीतं सांगतात. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं: चोवीस हजारांचा बरोबर दशांश. तमिळ त्यागराज म्हणायचं तर मोजणाराही त्याच पट्टीने मोजतो की काय! पण इथे हिशेब माणसाच्या आवाक्यातला आहे. साठ वर्षांच्या रचनाकाळात वर्षाला ४०, म्हणजे नऊ दिवसांना एक. त्यांची ‘कीर्तनमालै’ १९३४मध्ये शंभर गीतांनिशी छापून निघाली. बाखची सूची अकराशेवर जाते, मोझार्टची कोखेल यादी ६२६ला थांबते, आणि एकतिसाव्या वर्षी वारलेल्या शूबर्टची गाणीच सहाशेवर आहेत. इलैयाराजांनी १९७६पासून हजारावर चित्रपट आणि सात हजारांवर गाणी केली. पन्नास वर्षं धरली तर अडीच दिवसांना एक. निव्वळ संख्येवर निकाल लावायचा तर सामना केव्हाच संपला, आणि तो पॉपवाल्यांनी जिंकला.

शिवन सिनेमात शिरले ते मराठी दारातून. १९३४चा ‘सीता कल्याणम’ हा तमिळ चित्रपट प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओत तयार झाला, दिग्दर्शन बाबूराव पेंढारकरांचं. राम झाला एस. राजम हा तरुण आणि सीता त्याची सख्खी बहीण जयलक्ष्मी. भावाबहिणीला नवरा-बायको केलं म्हणून तिकडे गदारोळ उठला. याच कुटुंबातला एक चिमुरडा त्यात रावणाच्या दरबारात खंजिरा वाजवताना दिसतो. तो पुढे वीणावादक एस. बालचंदर म्हणून गाजला. संगीताची जबाबदारी शिवन यांच्याकडे होती. तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे, मैलापूरच्या भजनांत रमणारे गृहस्थ.

त्यानंतर दहा वर्षांनी ‘हरिदास’ आला. १९४४ची दिवाळी, नायक एम. के. त्यागराज भागवतर. (हो, त्यागराजच. नियतीलाही कधीकधी कोटी करायची हुक्की येते.) मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात तो तीन दिवाळ्या पाहून उतरला. दोन वर्षं रोज तेच थिएटर, तीच गाणी. गोष्ट कुणाची? आईबापांना लाथाडणारा, पाय गमावून शहाणा झालेला आणि मग त्यांची सेवा करताना देवाला विटेवर उभं करणारा मुलगा. म्हणजे आपला पुंडलिक. याच गोष्टीवर पुढे तेलुगूत ‘पांडुरंग माहात्म्यम’ निघाला. पंढरपूरची वीट मद्रासच्या थिएटरात दोन वर्षं तिकिटं विकत होती आणि शब्द-चाली होत्या पापनाशमच्या शिवन यांच्या.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं भक्तीचं नव्हे, चक्क शृंगाराचं आहे आणि ते चारुकेशीत आहे. वेंकटमखीच्या कोठारातल्या चौकटींत सव्विसावी. चारुकेशी तोवर मैफलीत क्वचितच उगवायची. या गाण्याने ती पानाच्या टपरीपर्यंत पोचली. शास्त्रकाराने तीनशे वर्षांपूर्वी कागदावर राखून ठेवलेली जागा एका सिनेमाच्या गाण्याने माणसांनी भरली, हा त्या सगळ्या आकडेमोडीतला मला सगळ्यात आवडणारा हिशेब.

तेव्हाच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. मैफलीत अर्धा तास चालणारी कृती आणि तीन मिनिटांत संपणारं गाणं, दोन्ही बांधणारा माणूस एकच. काम मात्र वेगळं. तबकडीत आलापाला जागा नाही, निरवलाला, म्हणजे एकाच ओळीच्या विस्ताराला, नाही. रागाचा चेहरा पहिल्या चार सुरांत ओळखू आला पाहिजे. शिवन यांना ते जमलं, आणि मला वाटतं त्यांच्या मैफलीतल्या कृतीही त्यामुळेच इतक्या चटकन ओठांवर बसतात. त्यागराजांच्या बाजूने भांडणारे इथे नाक मुरडतील. त्यांनी आपल्याकडचं नाट्यसंगीत आठवावं. ‘संगीत शाकुंतल’ १८८०मध्ये पुण्यात उभं राहिलं ते दोनशेहून अधिक पदांचं ओझं घेऊन. ते तेव्हाचं पॉपच होतं. पिटातले प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडत. आज ती पदं भैरवीआधी आदराने येतात.

आणि त्या काळचे थोर तरी कुठे एवढे सोवळे होते? त्यागराजांचे समकालीन मुत्तुस्वामी दीक्षितर. वेंकटमखीच्या परंपरेचे, वीणेवर हात बसलेला, रागाचं पावित्र्य सांभाळणारे. त्यांनी इंग्रजांच्या बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवून चाळीसच्या आसपास ‘नोट्टुस्वर’ रचले. त्यातली एक चाल तर चक्क इंग्रजांच्या राजगीताची. त्यांच्या धाकट्या भावाने, बालुस्वामींनी, बँडवाल्यांकडून व्हायोलिन उचललं आणि ते कर्नाटक संगीतात आणलं. आज त्या वाद्याशिवाय तिकडची मैफल बसतच नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी तंजावरात स्वतःचा बँड ठेवला होता तो निराळाच.

बहात्तर मेळांचीही अशीच गंमत आहे. सगळेच्या सगळे बहात्तर राग एका रचनेत ओवायचे हा विक्रम महावैद्यनाथ अय्यर (१८४४–१८९३) यांच्या नावावर आहे. तंजावर जिल्ह्यातल्या वैयच्चेरीचे हे गवई. त्यांची संस्कृत ‘मेळरागमालिका’ आजही आकाशवाणीवर आणि मैफलीत कुणी पुरती गायली तर श्रोते घड्याळ बघून थक्क होतात. पण त्याच्या आधी त्यांनी बहात्तर रागांत चाली बांधल्या होत्या त्या एका मराठी काव्याला. कवीचं नाव लावणी वेंकटराव, आणि हे काम करवून घेणारे तंजावरच्या भोसले घराण्याचे जावई सखाराम साहेब. नावातच लावणी! जगातल्या सगळ्यात अवघड रागमाळांपैकी एकीचा पहिला अवतार मराठीत झाला, कावेरीच्या काठी, फडावरच्या छंदाचं नाव मिरवणाऱ्या कवीच्या हातून. हे मी पुण्यातल्या चांगल्या जाणकारांना सांगितलंय. अर्ध्यांना वाटलं मी थापा मारतोय.

तेव्हा १९८५मध्ये ‘सिंधु भैरवी’त इलैयाराजांनी त्यागराजांची कांभोजीतली एक कृती उचलून सारमतीत बसवली आणि कर्मठ मंडळी खवळली, यात नवल कसलं? शब्द त्यागराजांचे, राग बदललेला. शिवाय त्याच चित्रपटातलं एक गाणं कल्याणीच्या नुसत्या आरोहात बांधलेलं, एकही सूर खाली उतरत नाही. हा खेळ वेंकटमखीलाही आवडला असता. पुढच्याच वर्षी आलेली ‘हाउ टु नेम इट’ ही त्यांची वाद्यरचनांची ध्वनिफीत दोघांना अर्पण केलेली आहे: त्यागराज आणि बाख.

आता सगळ्यात मोठा आकडा. ‘राउडी बेबी’ हे तमिळ गाणं यूट्यूबवर २०२०मध्ये शंभर कोटी वेळा पाहून झालं. नामदेवांचा शतकोटी, पण वेगळ्या खात्यात! दर वेळची चार मिनिटं धरली तर चारशे कोटी मिनिटं होतात, वर्षांत सांगायचं तर साडेसात हजारांहून जास्त. एकाच माणसाला बसवून ऐकवायचं ठरवलं असतं तर मोहेंजोदडोची वीट पडायच्या कितीतरी आधी त्याला बसावं लागलं असतं आणि तो आत्ता उठला असता. एवढे कान त्यागराजांना सगळ्या आयुष्यात आणि नंतरच्या पावणेदोनशे वर्षांत मिळाले असतील का, मला शंका आहे.

पण ते गाणं गायलं गेलं एकदाच. शंभर कोटी वेळा वाजली ती एकच ध्वनिफीत. उलट त्यागराजांच्या सातशेंपैकी एकही त्यांच्या स्वतःच्या गळ्यातून आपण ऐकलेली नाही. ती शिष्यांनी वाहिली: वालाजापेट्टै, तिल्लैस्थानम आणि कावेरीकाठचं उमैयाळपुरम अशा तीन गावांच्या नावांनी त्यांच्या परंपरा ओळखल्या जातात. शिष्याने शिष्याला, त्याने आणखी कुणाला. प्रत्येक वेळी एका माणसाला बसून, चुकून, ओरडा खाऊन ती गळ्यात उतरवावी लागली. दर पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसतात आणि पंचरत्न कृती गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. तासाभराचं काम. सांगितलेल्या चोवीस हजार, सापडलेल्या सातशे, आणि सगळ्यांना एकदम पाठ असलेल्या पाच. थोरपणाचा माझ्या मते विश्वास ठेवण्याजोगा आकडा हा शेवटचा आहे.

शिवन यांचा असा आकडा किती? मैफलीच्या उत्तरार्धात काफीतलं कृष्णाचं गाणं आलं, भरतनाट्यमच्या वर्गात आठ वर्षांची मुलगी यशोदा होऊन त्यावर हात फिरवायला लागली, की तो एक. हमसानंदीतलं तिरुपतीच्या बालाजीचं, दोन. मैलापूरच्या कपालीश्वराची मिरवणूक बघून कांभोजीत बांधलेलं, ज्यात हे बघायला कोटी डोळे हवेत असं ते म्हणतात, तीन. मोहनम, हिंदोळम, नवरसकन्नडा… माझी पाच बोटं इथेच संपली. यातली सिनेमातली कुठली आणि देवळातली कुठली हे श्रोते विचारत नाहीत. मद्रासच्या म्युझिक अकादमीने १९७१मध्ये त्यांना संगीत कलानिधी केलं, पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं. म्हणजे कलानिधी झाले ते पहिल्या सिनेमानंतर सदतीस वर्षांनी. ऑक्टोबर १९७३मध्ये ते गेले.

मैलापूरला राहत असताना शिवन मार्गळीत पहाटे अंधार असतानाच निघायचे. देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून भजन म्हणत फेरी, मागे शिष्य, शेजारी, झोपेतून उठून आलेली पोरं. ‘हरिदास’ ब्रॉडवेला गर्दी खेचत होता त्या काळातही तिकडच्या गाण्यांचा कर्ता इकडे डिसेंबरच्या दहिवरात अनवाणी चालत असे. ब्रॉडवेच्या खिडकीवर रोजची तिकिटं मोजली जायची. या फेरीत किती माणसं होती, कुणी मोजली नाहीत. पण मार्गळीत ती फेरी अजून निघते.